एक वाटी सोले

पाककृती सांगणाऱ्या मंडळींना एका वाक्याबद्दल कधीतरी कोर्टात उभं करायला हवं. ते वाक्य असं : ‘प्रथम एक वाटी हिरवे सोले घ्या.’ मीठ चवीनुसार, पाणी अंदाजाने, हे आपण चालवून घेतो. पण सोले ‘घ्या’? मोबाइलच्या पडद्यावरची बाई हसत हसत काचेचा बाऊल पुढे सरकवते. त्यात तुरीचे हिरवेगार दाणे, सगळे एका मापाचे, एकालाही अळीने तोंड लावलेलं नाही. हे दाणे शेंगेतून बाऊलमध्ये कसे आले, सोलायला कोण कोण बसलं होतं, बसल्या बसल्या कुणाचं कुणाशी वाजलं, यातलं ती काही सांगत नाही. तिथून पुढची पाककृती दहा मिनिटांची आहे. असणारच. सोयरीक जुळवून, देणंघेणं ठरवून, मांडव घालून, रुसलेल्या आत्याला समजावून आणल्यावर अक्षता टाकायला असा कितीसा वेळ लागतो?

आमच्या हिंगोलीत सोलणं हाच स्वयंपाक. फोडणी वगैरे नंतरचा उपचार.

मोसम मार्गशीर्षात सुरू होतो. सोयाबीन दिवाळीच्या आगंमागं निघून गेलेलं असतं, भावावरून शिव्या खाऊन झालेलं असतं, आणि त्याच्या ओळींमधली तूर मात्र रानात एकटी उभी असते. हळदीचं तसं नाही. हळदीला मान आहे. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यासाठी वसमतला संशोधन केंद्र आहे, तिचे भाव लोक सोन्याच्या भावाशेजारी ठेवून बघतात. आमच्या तुरीला कसलंच मानांकन नाही. पण शेंग भरली, की गावाकडून शहरात येणारी प्रत्येक एसटी, प्रत्येक काळीपिवळी आणि प्रत्येक मोटारसायकलची डिकी शेंगांच्या पिशव्या घेऊन येते. कळमनुरीचा पाहुणा, सेनगावचा पाहुणा, आखाडा बाळापूरचा पाहुणा, कुणीही आला तरी हातात तीच पिशवी. ‘घरच्या रानातल्या हायत,’ असं म्हणून तो ती दाराशी ठेवतो. पेढे आणणारा पाहुणा पेढे आणतो. शेंगा आणणारा काम आणतो. शिवाय ते काम पुरं होऊन आमटी ताटात पडेपर्यंत तो हलत नाही.

त्यातल्या त्यात सोपा मार्ग म्हणजे शेंगा नुसत्या उकडणं. मोठ्या पातेल्यात शेंगा, मूठभर मीठ, पाणी, वर झाकण. संध्याकाळी ते पातेलं ओट्यावर मधोमध ठेवायचं आणि ज्याने त्याने आपली आपण सोलून खायची. दातांत धरून ओढली की दाणे तोंडात, टरफल हातात. यात कुणावर अन्याय नाही, कुणाचे उपकार नाहीत. एकच अडचण : टरफलांचे ढीग. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याने काय खाल्लं त्याचा हिशेब उघड पडलेला असतो. म्हणून जाणती माणसं आपली टरफलं हळूच शेजाऱ्याच्या ढिगात सरकवत राहतात. आमच्या एका काकांपुढे तासभर खाऊनही चार टरफलं असत आणि शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या पोरापुढे डोंगर.

आमटी करायची म्हटलं की मात्र बैठक बसवावी लागते.

बैठकीची जागा ओटा. ओटा नसेल तर गच्ची, गच्ची नसेल तर जिना. वेळ दुपारी दोननंतर, उन्हाकडे पाठ करून. मधोमध पोतं उलटं केलेलं, एकेकीच्या पुढ्यात ताट, एका बाजूला टरफलांसाठी टोपलं. मुकादम आमच्या थोरल्या काकू. त्या शेंग हातात घेताना बघतसुद्धा नाहीत. डाव्या हाताने शेंग धरायची, उजव्या अंगठ्याचं नख शिवणीवर, एक झटका, आणि चारपाच दाणे ताटात. तोवर दुसरी शेंग हातात आलेली असते. त्यांच्या अंगठ्याचं नख मार्गशीर्षात काळं पडतं ते संक्रांतीच्या वाणापर्यंत काळंच राहतं. तुरीच्या शेंगेला एक चिकटपणा असतो. तो साबणाने जात नाही, राखेने जात नाही, लिंबाने थोडा जातो आणि बाकीचा उरलेल्या शेंगांत मुरतो.

काकूंच्या शेजारी शेजारच्या चाची. दोघी समोरासमोर राहतात आणि दोघींच्या सुना एकमेकींच्या घरी जाऊन आपापल्या सासूची गाऱ्हाणी सांगतात, त्यामुळे दोन्ही घरांत एकोपा आहे. चाचींचा वेग काकूंच्या निम्मा, पण बोलणं दुप्पट, त्यामुळे बैठकीचा एकूण वेग कायम राहतो. पलीकडे आमची अलिबागकडची वहिनी. तिच्याबद्दल पुढे सांगतो. तिच्या पलीकडे पोरं, म्हणजे गळती. एक दाणा ताटात, एक तोंडात, असा त्यांचा जाहीर दर. खरा दर वेगळा. कोवळा सोला कच्चा खायला गोड लागतो, आणि सोलणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावायची सोय अजून निघालेली नाही. इथून जवळच नर्सी आहे, परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव. नैवेद्य खाण्यासाठी नामदेवांना देवाकडे केवढा हट्ट धरावा लागला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या ओट्यावर हट्ट धरावा लागतो तो कुणीतरी न खावं म्हणून.

आणि खुर्चीत मामा. मामा निवृत्त गुरुजी. ते सोलत नाहीत. ते देखरेख करतात.

‘ही पांढरी तूर दिसतेय,’ मामा म्हणतात. ‘बीडीएन 711 असेल. बदनापूरच्या केंद्राची. लवकर येते.’

‘असंल,’ काकू म्हणतात. ‘हात लावा जरा.’

‘आमटीला खरी लाल तूर. तिची चव वेगळी.’

‘हिरव्या शेंगंत लाल काय आन् पांढरी काय? आतमधी समदे दाणे हिरवेच हायत की.’

यावर मामा बीएसएमआर 736, आशा, वगैरे सगळ्या वाणांची हजेरी घेतात. माहिती खरी असते. पण माहिती सांगता सांगता माणसाचा हात आपोआप ताटाकडे जातो आणि मूठभर सोले खाऊन परत येतो, हेही तितकंच खरं.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल टिपायची सोय. कुठेतरी अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याची थरथर औंढ्यात कळणार. यंत्राला शांत जमीन लागते म्हणून हा परिसर निवडला, असं म्हणतात. ज्यांनी निवडला ते बहुधा उन्हाळ्यात येऊन गेले असावेत. पौष महिन्यात दुपारी तीन वाजता जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांत एकाच वेळी शेंगा फुटायला लागतात आणि त्यासोबत सुना, जावा, नणंदा आणि ग्रामपंचायतीचे सदस्यही. ते यंत्र सुरू झाल्यावर पहिला आलेख कृष्णविवरांचा निघतो की आमच्या गल्लीचा, बघायला हवं.

अळी हा बैठकीचा मध्यंतर. शेंग पोखरणारी हिरवी अळी तुरीवरही येते, हरभऱ्यावरही. शेतकरी तिला घाटेअळी म्हणतो आणि कापसावर आली की बोंडअळी म्हणतो. तिच्यासाठी कृषी विद्यापीठाच्या पत्रिका निघतात, रानात कामगंध सापळे लावतात, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवतात. एवढ्या बंदोबस्तातून पार पडून ती आमच्या ओट्यावर पोचते तेव्हा तिच्याबद्दल थोडा आदरच वाटतो. पोरगी किंचाळते. ताट उडतं. दाणे जिन्यावरून खाली. मोठ्या सुनेला मळमळतं. आणि काकू निवांतपणे अळी चिमटीत धरून टोपल्यात टाकतात.

‘अळी हाय म्हणजे फवारा कमी हाय. चांगलं लक्षण हाय.’

‘आणि अळी नसली तर?’

‘तर शेंगा चांगल्या हायत.’

या तर्कापुढे आजवर कुणी टिकलेलं नाही.

तासाभराने पोतं संपतं. टरफलांचं टोपलं शेळीच्या स्वाधीन होतं. ताटं एकत्र केली जातात, आणि मग सगळे वाकून बघतात. एवढं मोठं पोतं, एवढी माणसं, एवढी दुपार. आणि सोले पातेल्याच्या तळाशी. दर वर्षी सगळ्यांना तेवढंच आश्चर्य वाटतं.

आमटीचं म्हणाल तर लोखंडी कढईत थोड्या तेलावर सोले भाजायचे, तडतडायला लागले की उतरवायचे. निम्मे बाजूला ठेवून निम्मे लसूण, हिरव्या मिरच्या, जिरं आणि कोथिंबिरीच्या काड्यांसकट जाडंभरडं वाटायचे. पाट्यावर वाटले तर उत्तम. मिक्सरमध्ये बारीक पीठ झालं की आमटी पिठल्याच्या वळणावर जाते. मग तेल सोडताना हात आखडायचा नाही, फोडणीत हळद आपल्याच जिल्ह्याची, वाटण परतायचं, उकळतं पाणी, राहिलेले सोले, शेंगदाण्याचा थोडा कूट, मीठ. ज्वारीची भाकरी कुस्करून. बस. त्यात टोमॅटो घालणाऱ्या घरांबद्दल मी काही बोलत नाही. लोकांच्या घरात काय चालतं ते त्यांचं त्यांना.

हरभऱ्याचे सोलाणे हा पुढचा अंक, आणि तो थोडक्यात आटपलेला बरा, कारण त्यात दुखणंच जास्त. घाट्यात एक दाणा, फार तर दोन. वर त्या झाडाला आंब असते. पहाटे रानात कापड पसरून ती आंबट दहिवरं गोळा करायची पद्धत जुनी माणसं सांगतात. ती आंब नखाच्या कडेच्या चिरेत शिरली की माणसाला पूर्वज आठवतात. म्हणून शहाणी माणसं ढाळे शेकोटीवर टाकून हुळा करून खातात. तोंड काळं होतं, पण बोटं वाचतात.

आता अलिबागची वहिनी.

ती लग्न होऊन आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिने जाहीर केलं, की उद्या मी वालाचं बिरडं करते. वाल आम्हाला परका नाही. परसातल्या कुंपणावर चढलेला वेल, त्याच्या चपट्या शेंगा, शिरा काढून, तोडून, काळ्या मसाल्यात परतलेली भाजी, हे आमचंही. पण आमचा वाल शेंगेसकट शिजतो, तक्रार करत नाही. वहिनीने माहेरून कडवे वाल आणले होते, सुके. तिने ते भिजत घातले. दुसऱ्या दिवशी जेवायला सगळे बसले, तर वरणभात.

‘बिरडं?’ मामांनी विचारलं.

‘अजून मोड यायचेत,’ वहिनी म्हणाली. वाल फडक्यात बांधून टांगलेले होते.

पुढच्या दिवशी मोड आले. सगळे पुन्हा ताटावर. तेव्हा वहिनी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन बसली आणि एकेका वालाचं साल चिमटीने सोडवायला लागली. काकू पाटावर येऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी नुसतं पाहिलं.

‘शेंगंतून काढलेलाच हाय ना त्यो?’

‘हो.’

‘मंग आता परत काय सोलायलीस?’

‘त्याचं साल काढायचं असतं, आत्याबाई. डाळिंबी दिसायला हवी.’

‘म्हणजे एका दाण्याला दोनदा सोलायचं?’ काकूंनी आजूबाजूला बघितलं. ‘आगं माय! आन् खायचं कवा?’

बिरडं झालं ते नारळाचं, आमसुलाचं, वर गुळाचा खडा. चव फार उत्तम होती. पण हिंगोलीच्या जिभेला आमटीत गूळ सापडला, की आधी वाटतं कुणाचं तरी चुकून पडलं. मामांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि नंतर बाजूला ठेचा घेऊन तिसरी. काकूंनी निकाल दिला : ‘गोड हाय, पण चांगलं हाय.’ तरी दोनदा सोलण्याचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला नाही. गल्लीत कुणाचीही सून जास्तच टापटीप निघाली, की काकू म्हणत, ‘त्या वाल दोनदा सोलणाऱ्यांतल्या दिसतात.’

याच काकूंवर पुढे बाकला सोलायची वेळ आली.

झालं असं, की चाचींचा मुलगा नोकरीला दुबईत. तो सुट्टीवर येताना खजूर, अत्तर आणि ब्लँकेट आणतो. गेल्या हिवाळ्यात त्याने एक जड पुडकंही आणलं. आत तपकिरी, चपटे, अंगठ्याच्या नखाएवढे दाणे. चाची ते घेऊन थेट ओट्यावर आल्या.

‘ये देखो काकी. उधर सब लोगां सुब्बे सुब्बे येईच खाते.’

पुडकं हातोहात फिरलं. काकूंनी दाणा दातांखाली धरून पाहिला आणि दात सांभाळून बाहेर काढला. वहिनीला तो वालाचा थोरला भाऊ वाटला. चौकातल्या कृषी सेवा केंद्रवाल्याने बी म्हणून किती भाव मिळेल ते विचारलं. गल्लीतल्या एकाने हे जनावरांचं खाद्य असल्याचं खात्रीने सांगितलं. त्याचं पूर्ण चुकलं नव्हतं, कारण युरोपात हा दाणा माणसं आणि घोडे दोघंही पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. मामांनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि संध्याकाळपर्यंत ते बाकल्याचे अधिकारी झाले.

इथून पुढचं ज्ञान मामांचं, पण मी ताडून पाहिलं आहे. बाकला आपल्याकडे उत्तरेत, बिहार-उत्तर प्रदेशाकडे पिकतो. आपल्या तापलेल्या मराठवाड्यात त्याचं मन रमत नाही, त्याला लांबलेली थंडी लागते. पण इजिप्तपासून इराणपर्यंत त्याचंच राज्य. इजिप्तमध्ये तो अरुंद गळ्याच्या भांड्यात रात्रभर मंद आचेवर शिजवतात आणि सकाळी जिरं, लसूण, लिंबू, तेल घालून रोटीशी खातात. ‘म्हणजे घुगऱ्या,’ काकू म्हणाल्या, आणि इजिप्तच्या पाच हजार वर्षांच्या संस्कृतीचा निकाल लागला. आमच्याकडे घुगऱ्या बारशाला वाटतात. गल्लीतल्या कुठल्याही टग्याला गप्प करायला काकूंचं शेवटचं हत्यार तेच असतं, ‘तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!’ मामांनी पुढे सांगितलं, की रमजानमध्ये तिकडे सहेरीला हेच खातात, दिवसभर भूक लागत नाही. चाचींनी ‘हौ’ म्हणून मान डोलावली. इराणमध्ये म्हणे तो शेपू घालून भातात शिजवतात. शेपूचं नाव निघताच बैठकीत उभी फूट पडली आणि ती अजून सांधलेली नाही.

मग मामा ग्रीसला गेले. राजमा, श्रावण घेवडा ही मंडळी अमेरिकेतून आली, म्हणजे कोलंबसाच्या नंतर. त्याआधी युरोपात दाणा म्हटला की मुख्यतः हाच. आणि ज्याच्या प्रमेयाने शाळेत आपल्या कित्येक पिढ्यांना रडवलं, तो पायथागोरस या दाण्याला हात लावायला तयार नव्हता. शिष्यांनाही खाऊ देत नसे. दंतकथा अशी, की शत्रू पाठीमागे लागले असताना तो पळत पळत बाकल्याच्या शेताशी आला, पिकातून जायला नको म्हणून थांबला आणि सापडला.

‘बांधावरून जायचं ना,’ काकू म्हणाल्या.

अथेन्समध्ये मात्र याच दाण्यांनी सरकार चालत असे. पांढरे-काळे दाणे टाकून सोडत काढायची, आणि ज्याचं नाव निघेल तो अधिकारी. मामांना हे फार रानटी वाटलं. पण त्याच आठवड्यात तालुक्याला सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत होती, शाळेतल्या लहान पोराला बोलावून बरणीतून चिठ्ठ्या काढायला लावल्या होत्या आणि मामा स्वतः बघायला गेले होते. दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली की आपण ईश्वरचिठ्ठी टाकतो. ग्रीकांनी निदान दाणा वापरला; सोडत संपल्यावर शिजवता तरी आला असता. रोमची गोष्ट तर आमच्या गल्लीने सहज पचवली. तिथे मे महिन्यात घरातल्या कर्त्याने मध्यरात्री अनवाणी उठायचं, काळे दाणे मागे टाकायचे, मागे वळून न बघता भुतांना नऊ वेळा निरोप द्यायचा. ‘आपल्याकडं उडीद टाकतेत,’ एक बाई म्हणाली. ‘चौकात अमावस्येला. लिंबू पण लागतंय.’

एवढ्यात मामांना आणखी काही सापडलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. काही माणसांच्या रक्तात जी6पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. त्यांनी बाकला खाल्ला, तर तांबड्या पेशी फुटायला लागतात, कावीळ होते, प्रसंगी जिवावर बेततं. पायथागोरसची बंदी त्यातूनच आली असावी, असाही काहींचा कयास आहे. हा मामला चेष्टेचा नाही. ज्यांना ही कमतरता असल्याचं निदान झालेलं आहे, त्यांनी या दाण्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. चाचींच्या मुलाने हे तिकडून आधीच फोनवर सांगितलं होतं आणि गल्लीतलं एक लेकरू, ज्याच्या फाइलवर डॉक्टरांनी लाल शाईने तसं लिहून ठेवलं आहे, त्याच्या आईला चाची स्वतः जाऊन बजावून आल्या होत्या. म्हणजे मामांचा शोध दोन दिवस उशिराचा होता. पण मामांनी तो जाहीर करण्यात कसूर केली नाही.

रात्री बाकला भिजत पडला. सकाळी दुपटीने फुगून आला आणि वहिनीने त्यातला एक उचलून दाबला. साल जाड, चामडी. आतला दाणा पिवळसर, दोन फाकांचा.

वहिनीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी वहिनीकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

त्या दिवशीची बैठक ऐतिहासिक झाली. तुरीच्या झटक्याला बाकला दाद देईना. नखाने साल टोकाशी फोडायचं आणि बुडाशी दाबायचं, मग दाणा सटकतो. पण कुठे सटकेल याचा नेम नाही. एक जिन्यावर गेला. एक चाचींच्या चहात. एक मामांच्या चष्म्यावर बसला आणि मामांनी प्रथमच बैठकीत हात वापरला. हळूहळू वहिनीच्या लक्षात आलं, की गल्लीत या कामाचा सराव असलेली आपण एकटीच आहोत. कडव्या वालावर घासलेली अलिबागची बोटं होती ती. तिचं ताट भरत होतं आणि काकूंचं रिकामं. पहिल्या हिवाळ्यापासून ऐकत आलेल्या सगळ्या टोमण्यांचा तिने त्या दुपारी एक शब्द न बोलता हिशेब चुकता केला. शेवटी काकूंनीच आपलं ताट तिच्याकडे सरकवलं. ‘तू कर बाई. तुझ्या माहेरचं काम हाय हे.’

शिजवायचा कसा, यावर मतं पडली. इजिप्तच्या पद्धतीला लिंबू आणि ऑलिव्हचं तेल लागतं, लिंबू होतं. सोललेला बाकला वाटून त्याचे वडे तळतात, अशीही माहिती मामांनी दिली, आणि पोरं लगेच त्या बाजूला गेली. म्हणून थोडा भाग वाटून, लसूण-कोथिंबीर-जिरं घालून वडे झाले. आतून हिरवे, बाहेरून खमंग. काकूंनी त्यात सवयीने ओवा टाकला, कैरोत हे चालतं का ते विचारलं नाही. उरलेल्याची येसर घालून आमटी झाली. धने, खोबरं, डाळी भाजून दळलेला आमच्याकडचा येसर कशालाही आपल्यात घेतो. बाकला शिजून बटाट्यासारखा मऊ झाला, रस्सा दाट झाला, वर तेलाचा तवंग आला. भाकरी कुस्करली. पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही आणि आमच्या घरात हे फक्त पंचांग वाचताना होतं.

‘तुरीची सर न्हाई,’ काकू म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली.

रात्री चाचींच्या मुलाला व्हिडिओ कॉल लागला. तो परत दुबईला पोचला होता. सगळ्यांनी पडद्यात डोकं घालून त्याला वडे दाखवले. मामांनी मोबाइल हातात घेतला आणि कडक आवाजात सांगितलं, ‘बेटा, पुढच्या वेळी सोललेले आण. बायकांना फार त्रास होतो.’ आवाज असा, की दुपारभर त्यांचीच बोटं झिजली होती.

‘मामू, सोललेले भी मिलते उधर. दो टुकडे किए हुए, एकदम साफ,’ तो म्हणाला. ‘मैं वोइच ला रहा था. अम्मीच नक्को बोली.’

सगळ्यांच्या माना चाचींकडे वळल्या. चाचींनी ओढणी सारखी केली.

‘वो महंगे थे,’ त्या म्हणाल्या.

काकूंनी किती महाग ते विचारलं, दिरहमचे रुपये करून घेतले, मनातल्या मनात बेरीज केली आणि मान हलवली.

‘मंग बराबर केलंस. हितं मजूर फुकट हायत.’